आमची वाटचाल : पंचवीस व्होल्ट आणि एक 'ए'

आमचा पहिला ईप्रॉम प्रोग्रामर आम्ही किलोच्या भावाने घेतला. ईप्रॉम म्हणजे अतिनील (यूव्ही) किरणांनी पुसून पुन्हा भरता येणारी मेमरी चिप, आणि तिच्यात प्रोग्राम भरणारं यंत्र म्हणजे प्रोग्रामर. असे जुने प्रोग्रामर दुरुस्त आणि अपग्रेड करणं, चिपा वाचून-भरून देणं, हा आज आमचा धंदा. कुदळवाडीतल्या भंगाराच्या गोदामात कोपऱ्यात पडला होता. चिप दाबून धरणाऱ्या सॉकेटची दांडी तुटलेली, की-पॅडवरची निम्मी अक्षरं पुसलेली. भंगारवाला त्याला 'बिलाचं मशीन' म्हणत होता. पत्र्याचा भाव लावला, आणि आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या तांब्याचे वेगळे पैसे मागितले. दिले.

तेव्हा मी भोसरीत मेंटेनन्सला होतो. एमआयडीसीतल्या मशीनचे कंट्रोल बोर्ड उघडले की काचेची गोल खिडकी असलेल्या चिपांची रांग दिसायची, प्रत्येकीच्या खिडकीवर चिकटवलेलं लेबल. मशीनची सगळी अक्कल त्या रांगेत. १९७१ साली इंटेलमध्ये डॉव्ह फ्रोहमन यांनी ही ईप्रॉमची जात जन्माला घातली. १७०२ नावाची ती पहिली चिप, तिच्यात मावायचे फक्त २५६ बाइट. चारी बाजूंनी इन्सुलेशनमध्ये कोंडलेल्या एका गेटवर विजेचा भार बसवायचा आणि तो वर्षानुवर्षं तिथेच राहील यावर भिस्त ठेवायची, एवढीच युक्ती. भार गळायला लागला की मशीन वेड्यासारखं वागतं, आणि मालक मोटर बदलत बसतो.

भार बसवायला लागतो जादा व्होल्टेज, आणि आमच्या धंद्याची मेख तिथेच आहे. २७१६ नंबरच्या चिपला २५ व्होल्ट. २७३२ लाही २५. पण २७३२ए ला २१. २७६४ ला २१, तर २७६४ए ला साडेबारा. त्याआधीच्या २७०८ ला तर नुसतं चालायलाच उणे ५, अधिक ५ आणि १२ असे तीन पुरवठे, आणि भरायला वर २६ व्होल्टच्या आसपासचे पल्स, म्हणजे विजेचे छोटे झटके. 'ए' असो वा नसो, आकार तोच, पायही तेवढेच. फरक एका अक्षराचा, तोही पुसट छापलेला.

या 'ए'ने आम्हाला पहिल्याच वर्षी धडा शिकवला. एका प्लास्टिक मोल्डिंगवाल्याने दोन चिपा आणल्या. "वाचून ठेवा आणि ताज्या करून द्या," म्हणाला. वाचल्या, पीसीवर ठेवल्या, पुसल्या, भरायला लावल्या. धाकटा भाऊ शेजारी चहा ओतत होता. मशीनने 'फेल' दाखवलं म्हणून चिपवर बोट ठेवलं तर चटका बसला.

"दादा, वर काय लिहिलंय वाचलंस का?"

भिंगातून पाहिलं. २७३२ए. मी २५ दिले होते.

डेटा शाबूत होता, पण मोल्डिंगवाल्याचं मशीन उभं, आणि पुण्यात तापकीर गल्लीपासून पासोड्या विठोबापर्यंत त्या जातीची चिप मिळेना. दुसऱ्या दिवशी सकाळची सिंहगड पकडून दादर, तिथून ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडची शटर उघडेपर्यंत फुटपाथवर उभा होतो. चार चिपा घेतल्या, दोन चालल्या. पैसे अर्थातच गिऱ्हाइकाकडून घेतले नाहीत. तेव्हापासूनची पद्धत आजही पाळतो. एकाने चिपवरचा नंबर मोठ्यांदा वाचायचा, दुसऱ्याने तो परत म्हणायचा, मगच बटण. "दोन-सात-तीन-दोन-ए." "दोन-सात-तीन-दोन-ए, एकवीस." नवीन पोरं सुरुवातीला हसतात.

त्या भंगारातल्या प्रोग्रामरची दुरुस्ती हीच आमची शाळा. सगळ्यात मोठी गंमत उघडल्यावर कळली. प्रोग्रामरचा स्वतःचा प्रोग्रामही खिडकीवाल्या चिपांतच होता! म्हणजे दुसऱ्यांच्या आठवणी जपणारं यंत्र स्वतःच विसरायच्या वयाला आलेलं. म्हणून दुरुस्तीला कोणताही प्रोग्रामर आला की पहिलं काम कंडेन्सरचं नसतं, त्याच्या स्वतःच्या चिपा वाचून ठेवायचं असतं. तीनदा वाचायच्या, तिन्ही चेकसम (चिपमधल्या सगळ्या बाइटांची बेरीज) जुळले पाहिजेत.

मग पॉवर सप्लाय. मल्टीमीटर २५.०१ दाखवतो आणि माणूस खूश होतो. स्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप, लावला की दिसतं, प्रत्येक पल्सच्या तोंडाशी २८ चा सुळका. कंडेन्सर सुकलेला असतो. २५ ला एक व्होल्ट इकडेतिकडे चालतो, तीन नाही. त्यामुळे प्रत्येक व्होल्टेज सॉकेटच्याच पायांवर, लोड लावून, स्कोपवर बघितल्याशिवाय आम्ही झाकण लावत नाही. बऱ्याच जुन्या बोर्डांत निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी असते. ती फुटली की अल्कली पसरतो, ट्रॅक हिरवेनिळे पडतात. त्यावर इलाज स्वयंपाकघरातला. व्हिनेगर ब्रशने लावायचं, फसफसणं थांबेपर्यंत थांबायचं, मग पाण्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचं. खाल्लेला ट्रॅक तारेने जोडायचा. आमच्याकडे सोल्डरिंगला असलेल्या वहिनी हे काम इतकं सुबक करतात की गिऱ्हाईक म्हणतं, "जॉइंट कंपनीचाच दिसतो."

अपग्रेड म्हणजे जुन्या डब्यात नवा मेंदू कोंबणं असं काहींना वाटतं. आम्ही पिनांना व्होल्टेज देणाऱ्या भागाला हात लावत नाही. तो भाग शिकलेल्या माणसांनी विचार करून बनवलेला आहे आणि तसा आता कोणी बनवत नाही. बदलतो ते त्याच्या दोन बाजूंचं. मागे पीसीला जोडायचा जुना, पंचवीस पिनांचा आरएस-२३२ कनेक्टर असतो, त्याच्या आत आमचा छोटा यूएसबीचा बोर्ड बसतो. लॅपटॉपवरून हेक्स फाइल, म्हणजे चिपमध्ये भरायचा डेटा, सरळ जाते. मेमरी वाढवतो, कारण ६४ केबी रॅमच्या यंत्राला २७सी०१० चिपची १२८ केबी एका दमात पेलत नाही. फ्लॉपी लागणाऱ्या यंत्रात फ्लॉपीचं सोंग घेणारा ड्राइव्ह लावतो, पेनड्राइव्हवर चालतो.

आणि भरण्याची रीत सुधारतो. २७१६ च्या काळात प्रत्येक बाइटला ५० मिलिसेकंदाचा पल्स द्यायचे. २०४८ बाइट, म्हणजे पावणेदोन मिनिटं. तेच गणित ३२ केबीच्या चिपला लावलं तर २७ मिनिटं होतात. पुढे इंटेलने शहाणी रीत काढली. एक मिलिसेकंदाचा पल्स द्या, वाचून बघा, भार बसला नसेल तर पुन्हा द्या. बसला की जेवढे पल्स लागले त्याच्या तिप्पट वेळ वर ओता. जुन्या प्रोग्रामरच्या चिपा बदलून ही रीत त्यात घालता येते. मात्र २७१६ सारख्या जुन्या चिपांना त्यांची जुनीच रीत ठेवावी. त्यांच्यावर घाई करून आम्ही पस्तावलो आहोत.

सगळ्यात समाधानाचं काम म्हणजे विसरलेली चिप वाचणं. भरलेला बिट म्हणजे शून्य. भार गळला की शून्याचा एक होतो. पण गळती अर्धवट असेल तर ५ व्होल्टवर तो बिट कधी शून्य तर कधी एक म्हणतो. पुरवठा साडेचारवर, कधी त्याच्याही खाली आणला की तोच बिट पुन्हा शून्य म्हणायला लागतो, आणि साडेपाचला नेला की कमजोर कोण ते उघडं पडतं. मागे कोल्हापूरहून शिरोलीच्या एका फाउंड्रीवाल्यांनी सँड प्लांटचा बोर्ड पाठवला. चार चिपा, एकीचं लेबल केव्हाच गळून पडलेलं, आणि पॅनलचं दार कायम उघडं. खिडकीवर थेट ऊन पडलं तर चिप पुसायला आठवडाभर पुरतो, ट्यूबलाइटला तीनेक वर्षं लागतात. त्यांची चिप मधल्याच कुठल्या तरी अवस्थेत होती. ४.२ व्होल्टवर सतरा वेळा वाचून शेवटी एकच चेकसम लागोपाठ यायला लागला. फोन केला, तर पलीकडून काका म्हणाले, "अहो, आम्ही त्याचा तेरावा घालून बसलो होतो!"

चिपा पुसणाऱ्या यूव्ही इरेझरच्या ट्यूब मिळेनाशा झाल्या तेव्हा पाण्याच्या फिल्टरची ट्यूब आणि चोक लावून आम्ही पेटी बनवली. किरण तेच, सुमारे २५४ नॅनोमीटरचे. चिप इंचभर अंतरावर, वीस मिनिटं. पेटीच्या खणाला स्विच आहे, खण उघडला की ट्यूब बंद, कारण डोळे दोनच आहेत. निळ्या दिव्यांच्या 'ब्लॅकलाइट' ट्यूबने काही पुसलं जात नाही. ती आणून 'काम होत नाही' म्हणणारे दरवर्षी एक-दोन येतात.

स्वस्त यूएसबी प्रोग्रामर बाजारात आले तेव्हा धंदा बसेल असं वाटलं. बसला नाही, उलट वाढला. २७सी या नंतरच्या जातीच्या चिपांना ते छान आहेत, आमच्याही टेबलावर दोन आहेत. पण बहुतेकांची मजल १८ किंवा २१ व्होल्टपर्यंत. २५ म्हटलं की गप्प. त्यात हल्ली घासून नवा नंबर छापलेल्या चिपा येतात. २७सी जातीत ए९ पिनवर १२ व्होल्ट दिले की चिप आपल्या कंपनीचा कोड सांगते. वर एक नाव आणि आत दुसरंच निघालं की ती आम्ही वेगळ्या डब्यात टाकतो. डबा भरत आलाय. जुन्या चिपांवर मात्र हा प्रयोग करू नका, त्या पिनला १२ व्होल्ट सोसत नाहीत.

त्या पहिल्या प्रोग्रामरची दांडी अजून मूळची नाही, सायकलच्या स्पोकची आहे. रोज चालतो.

चिपा पाठवणार असाल तर दोन विनंत्या. खिडकीवरचं लेबल काढून 'बघू' नका. आणि कृपा करून थर्माकोलमध्ये खोचू नका, स्वयंपाकघरातल्या फॉइलमध्ये गुंडाळा.