नव्या अब्लेशनबद्दल पेशंट विचारतात तेव्हा

नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी ईसीजी काढते. पट्टीवर ठोके वेडेवाकडे आणि पी-लहर (दर ठोक्याआधीची छोटी लहर) गायब दिसली, की एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, लगेच ओळखू येतं. परवा हिंगण्याच्या एका काकाजींनी विचारलं, "बाई, नवीन करंटवाली मशीन आली म्हणते न, मग जुन्यानं कायले करू?"

प्रश्न रास्त आहे. या बिघाडाची ठिणगी बहुतेकदा फुप्फुसातून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते, हे 1998 मध्ये बोर्डोच्या मिशेल हाइसागेर यांच्या चमूने दाखवलं. तेव्हापासून जांघेतून कॅथेटर नेऊन त्या तोंडांभोवती मृत पेशींचं कडं करतात, म्हणजे ठिणगी पुढे जात नाही. हेच अब्लेशन. आजवर हे उष्णतेने किंवा गोठवून व्हायचं. पण डाव्या कर्णिकेला (हृदयाच्या वरच्या कप्प्याला) अगदी खेटून अन्ननलिका असते, आणि उष्णता तिथवर पोचली तर जिवावर बेततं. नव्या करंटवाल्या पद्धतीत, म्हणजे पल्स्ड फील्डमध्ये, मायक्रोसेकंदांचे उच्च व्होल्टेजचे झटके पेशींच्या आवरणाला भोकं पाडतात. हृदयाचा स्नायू त्याला लवकर बळी पडतो, अन्ननलिका आणि मज्जातंतू बरेच टिकतात.

म्हणजे गुण जास्त? 2023 च्या अ‍ॅडव्हेंट चाचणीत 607 पेशंटांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. वर्षभरानंतर नव्याचं यश 73.3 टक्के, जुन्याचं 71.3. जवळपास सारखंच! नव्यात वेळ मात्र कमी लागला. अन्ननलिकेची इजा इतकी दुर्मिळ, की सहाशेंत तिचा फरक दिसणं कठीण. म्हणून नव्या पद्धतीने अब्लेशन झालेल्या 17,642 पेशंटांची नोंद मला फार मोलाची वाटते: अन्ननलिकेला भोक पडल्याचं त्यात एकही उदाहरण नाही. पण त्याच नोंदीत तांबड्या पेशी फुटून मूत्रपिंड निकामी झालेले पाच पेशंटही आहेत. तुलनेला दुसरा गट नव्हता, हेही लक्षात ठेवावं.

काकाजींना मी म्हटलं, मशीनचं नाव नंतर विचारा. आधी डॉक्टरांना विचारा, तुम्ही स्वतः अशा किती केसेस केल्या आणि माझ्या मूत्रपिंडाचा रिपोर्ट पाहिला का.

बोलता बोलता कळलं, आता अब्लेशन होणारच म्हणून त्यांनी रक्त पातळ करणारी गोळी मनानेच सोडली होती. कर्णिकेत गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर लकवा, आणि अब्लेशन झालं तरी ही गोळी लगेच थांबत नाही. मी त्यांना तसंच डॉक्टरांच्या केबिनमध्ये नेलं. गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली.