सुकलेल्या खपलीपासून: स्लाइम मोल्ड सांभाळण्याचा माझा अनुभव

फायसॅरम पॉलिसेफॅलम नावाचा पिवळा स्लाइम मोल्ड माझ्या पुण्याच्या घरी आला तो गाळणकागदावर सुकलेल्या नारिंगी खपलीच्या रूपात. अन्नपाणी मिळेनासे झाले की हा जीव सावकाश आटत सुप्तावस्थेत जातो आणि त्या अवस्थेत महिनोन्महिने तग धरतो. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीने कागद हातात देताना एवढेच सांगितले, "याला बुरशी समजू नकोस, याला बुरशीपासूनच जपायचं आहे." हा अमीबाच्या गोतावळ्यातला जीव असून तळहाताएवढा पसरला तरी असंख्य केंद्रके असलेली एकच पेशी असतो.

अंथरुणासाठी १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २ ग्रॅम चायना ग्रास उकळून झाकणाच्या काचेच्या भांड्यात ओतले. साखर किंवा सुगंध मिसळलेली तयार पूड मात्र चालत नाही, कारण गोडावर बुरशी आधी येते. थर गोठल्यावर त्यावर कागद ठेवला, उकळून गार केलेल्या पाण्याचे थेंब सोडले आणि भांडे अंधाऱ्या कपाटात ठेवले. कागदाच्या कडेने हळदी रंगाचा ओलसर पापुद्रा बाहेर सरकलेला दिसला, तेव्हा झालेला आनंद अजून ताजा आहे.

खाऊ म्हणून साधे ओट्स पुरतात. मी ते कोरडेच बंद डब्यात घालून कुकरमध्ये वाफवून घेते आणि एका वेळी मोजकेच टाकते. तरीही पावसाळ्याच्या दमट हवेत हिरवी-काळी बुरशी आलीच. अशा वेळी ती खरवडत बसण्यात अर्थ नसतो. स्लाइम मोल्डची पुढे सरकणारी कड बहुधा बुरशीच्या बरीच पुढे असते, म्हणून तेवढीच कड खालच्या थरासकट स्वच्छ पात्याने कापून नव्या भांड्यात ठेवायची आणि स्वच्छ वाढ मिळेपर्यंत हेच करत राहायचे. कापल्याने त्याचे काही बिघडत नाही. जखम लवकर भरते आणि एकाच जीवाचे दोन तुकडे जवळ ठेवले तर ते पुन्हा एकजीव होतात.

भिंगातून पाहिले की त्याच्या शिरांतला प्रवाह एका दिशेने धावतो, मंदावतो, क्षणभर थबकतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत उलटा फिरतो. दोन ओट्स दूर ठेवले तर आधी जाळे सर्वत्र पसरते, मग फाटे आटत जाऊन त्यांच्यामध्ये एक जाड शीर उरते. जपानमधील तोशियुकी नाकागाकी आणि सहकाऱ्यांनी २००० साली याच गुणाच्या बळावर त्याच्याकडून चक्रव्यूहातला जवळचा मार्ग काढून घेतला होता, हे वाचून माहीत होते; पण स्वतःच्या कपाटात ते घडताना पाहणे वेगळेच. तो मला ओळखतो असे मी मुळीच म्हणणार नाही. तरीही मी दिलेल्या प्रत्येक गोष्टीला तो हालचालीने उत्तर देतो, आणि सोबत म्हणायला मला तेवढे पुरेसे वाटते.

निगा राखताना सर्वांत उपयोगी पडली ती त्याची चिकट वाट. मागे सोडलेल्या या पारदर्शक थरावरून शक्यतो पुन्हा जायचे तो टाळतो, म्हणजे एका परीने त्याची आठवण शरीराबाहेर साठलेली असते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे दाखवले गेले. त्यामुळे सगळे भांडे फिरून झाल्यावर तो भिंतींवर आणि झाकणावर चढू लागला की मी त्याला कोरे अंथरूण देते.

त्याला २५ अंशांच्या आसपासचे तापमान मानवते, म्हणून पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये हट्टाने जागे ठेवण्यापेक्षा मी त्याला झोपवते. ओल्या गाळणकागदावर पसरू द्यायचे, खाऊ बंद करायचा आणि झाकण किंचित उघडे ठेवून अंधारात सावकाश सुकू द्यायचे. पंख्याखाली घाईने सुकवल्यास तो मरतो. अंधाराबाबत मी फार काटेकोर आहे, कारण उपाशी असताना उजेड मिळाला तर तो बीजाणू धरतो आणि मग ते पिवळे, सरकणारे शरीर परत मिळत नाही. सुकलेले कागद तारीख घातलेल्या पाकिटांत ठेवते, आणि एखादे वाया गेले तरी वाण टिकावे म्हणून एक पाकीट नेहमी मैत्रिणीकडे देते.