रियाजाची नोंद: झपताल, एक जुनी तिहाई आणि बंद ठेवलेले पाय

या पावसाळ्यात कथकच्या रियाजात तत्काराची (पायांच्या मूळ बोलांची) चौगुण, म्हणजे चौपट लय, बाजूला ठेवली आणि 10 मात्रांचा झपताल धरला. कथकची मध्यमा परीक्षा तोंडावर आहे, हातावर ताल धरून पढंत करावी लागणार, म्हणजे बोल तोंडाने म्हणावे लागणार, हे एक निमित्त. पण 16 मात्रांच्या त्रितालात पाय नुसते सवयीने चालायला लागले होते, आणि सवयीने चाललेल्या पायांवर माझा फारसा विश्वास नाही.

त्रितालात पायच आपल्याला सांभाळून घेतात, हे झपताल हाती घेतल्यावर कळतं. ता थेई थेई तत्: उजवा, डावा, उजवा, डावा. पुढे ‘आ’ला पुन्हा डावाच. म्हणजे 4 आणि 5 या मात्रांना डावा लागोपाठ दोनदा पडतो, 8 आणि 9ला उजवा. डोळे मिटले तरी खाली, म्हणजे टाळी न देण्याची मात्रा, कुठे आली ते तळव्याला समजतं. झपतालाच्या 10 मात्रा दोन-तीन-दोन-तीन अशा. टाळ्या 1, 3, 8 वर आणि खाली 6वर. तिथे ही चौकडीची शिस्त कामाची नाही. म्हणून काही आठवडे घुंगरू पेटीत आणि मी खुर्चीवर. फोनवर लेहरा (ताल धरायला पुन्हा पुन्हा वाजणारी धून), हातावर ताल, तोंडात बोल. घरच्यांना वाटलं नाच सुटला.

हाताशी घेतली सगळ्यांना पाठ असलेली ‘तिगधा दिगदिग थेई’ची तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यायचं. हा तुकडा 3 मात्रांचा. मध्ये दम (थांबा) न ठेवता तीनदा म्हटला की 9 मात्रा होतात, म्हणून त्रितालात तो 9व्या मात्रेपासून, खालीवरून उठतो. शेवटचा ‘थेई’ पुढच्या आवर्तनाच्या (तालाच्या फेऱ्याच्या) समेवर पडायला हवा, म्हणून हिशोब 16चा नाही, 17चा करायचा. दोन तुकड्यांच्या मध्ये एकेक मात्रेचा दम दिला की झाल्या 11, आणि तीच तिहाई 7व्या मात्रेपासून सुरू होते. इथवर नवीन काहीच नाही. मजा पुढे आहे. झपतालाच्या 10 आणि समेची 1 मिळून 11! म्हणजे दमवाली तिहाई इथे समेवरून निघते, अख्खं आवर्तन भरते आणि समेलाच येते. बेदम, म्हणजे दमाशिवाय, म्हणायची तर 3ऱ्या मात्रेपासून, बरोबर टाळीवर. हे कागदावर मांडायला दोन मिनिटं लागली. तोंडात बसायला बराच वेळ गेला, कारण दमाच्या मात्रेला जीभ थांबते पण हात घाई करतो. माझ्यापुरता उपाय सापडला: दमाला मनातल्या मनात ‘एक’ न म्हणता लेहऱ्याचा तो स्वर गुणगुणायचा. हात आपोआप जागेवर राहतो.

गुणगुणण्याचा विषय निघाला की कथक नर्तकी आणि गुरू रोहिणी भाटे आठवल्याशिवाय राहत नाहीत. रोहिणीताई केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे गाणंही शिकल्या होत्या. कथक त्यांनी 1946च्या सुमारास, फर्ग्युसनमधून पदवी घेतल्यावर, जयपूर घराण्याच्या सोहनलाल यांच्याकडे सुरू केलं. ‘बघा, उशिरा सुरुवात करूनही जमतं’ म्हणून आपण प्रौढ विद्यार्थी हे उदाहरण एकमेकांना देतो, पण ते तितकंसं खरं नाही. त्याआधी पार्वतीकुमार यांच्याकडे भरतनाट्यम झालेलं होतं. मला जास्त भावतं ते पुढचं. 1947 साली पुण्यात नृत्यभारती ही नृत्यसंस्था काढली, आणि गुरू झाल्यावरही शिकणं थांबलं नाही. लखनौ घराण्याचे लच्छू महाराज यांच्याकडे बारा वर्षांहून अधिक, मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे पंधरा वर्षांहून अधिक. 1979मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्याला दुसऱ्या वर्षीच मंचप्रवेशाची (पहिल्या जाहीर कार्यक्रमाची) घाई, असो.

आता पाय परत आलेत. विलंबितात झपतालाची बरोबरची लय बऱ्यापैकी बसली आहे, दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, तिहाईचा तिसरा तुकडा अजून पळतो. घुंगरू एकेका पायाला शंभर-शंभरचेच आहेत. दोरी ढिली झाली होती, ती घरीच बदलली. प्रत्येक घुंगराला स्वतंत्र गाठ मारायची असते, नाहीतर सगळे एका बाजूला सरकतात आणि घोट्याला टोचतात. सुती दोरी जाड घ्या. नायलॉनची गाठ निसटते. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या दुपारच्या झोपेची वेळ मला आता ताल-ठेक्यासारखी पाठ आहे. चकरांबद्दल, म्हणजे गिरक्यांबद्दल, या वेळी लिहिण्यासारखं काही नाही.

पुढचा मुक्काम धमार ताल. त्याच्या 14 मात्रा आणि समेची 1, एकूण 15. म्हणजे आपली 11ची तिहाई 5व्या मात्रेपासून उठायला हवी. पण धमाराचा पहिलाच विभाग 5 मात्रांचा आहे, त्यामुळे उठाण (तिहाईची सुरुवात) विभागाच्या शेवटच्या मात्रेवर येतं आणि टाळीचा आधार मिळत नाही. कुणी हे बसवलं असेल तर एकच सांगा: उठाणाआधीच्या 4 मात्रा तुम्ही ठेक्याच्या, म्हणजे तालाच्या ठरलेल्या, बोलांनी भरता की नुसत्या तत्काराने?