आउटबोर्डला सिंथेटिक ऑइल घातले, त्याची हकिगत

माझ्या होडीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या कडेला बाहेरून बसवलेले, इंजिन पहिली चार वर्षे साध्या खनिज ऑइलवर चालले आणि त्याबद्दल माझी कसलीही तक्रार नव्हती. तरीही यंदा मी सिंथेटिक, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने बनवलेले, ऑइल घातले, कारण थंडीच्या दिवसांत पहाटे इंजिन सुरू केल्यावर पहिले काही क्षण वरच्या भागातून जी कोरडी टकटक ऐकू येत असे, ती मला खटकत होती. गारठलेले खनिज ऑइल घट्ट होते आणि वरपर्यंत पोहोचायला वेळ घेते. सिंथेटिक ऑइल त्याच थंडीत अधिक सहज वाहते. आता ती टकटक जवळजवळ ऐकू येत नाही, मात्र ऑइलबरोबर फिल्टरही नवा बसवला असल्यामुळे सगळे श्रेय ऑइललाच देण्याची माझी तयारी नाही.

गॅरेजमध्ये मोटारीचे उत्तम सिंथेटिक ऑइल शिल्लक होते आणि ग्रेडही तोच, १०डब्ल्यू-३०, असल्यामुळे तेच ओतावे असा मोह मला झाला होता. तो मी आवरला हे बरे झाले. ग्रेड केवळ दाटपणा सांगतो. थंडीत ऑइल किती पातळ राहील आणि १०० अंश सेल्सिअसला किती दाट राहील, एवढेच त्यातून कळते. मोटारीचे इंजिन रस्त्यावर बहुतेक वेळ मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांवर चालते, तर आउटबोर्ड पूर्ण वेगात पाच-सहा हजार फेऱ्यांवर तासन्‌तास ओढ घेत राहते आणि नंतर कित्येक दिवस दमट, खाऱ्या हवेत नुसते टांगलेले असते. त्यामुळे फोर-स्ट्रोक आउटबोर्डच्या ऑइलसाठी एफसी-डब्ल्यू हे वेगळे प्रमाणन आहे आणि त्याच्या चाचण्यांमध्ये गंज रोखण्याची क्षमता, फेस न होणे आणि पाणी मिसळल्यावरही फिल्टर न तुंबणे या गोष्टी तपासल्या जातात. बाटलीवर ‘सिंथेटिक’ हा शब्द कितीही मोठ्या अक्षरांत छापलेला असला, तरी एफसी-डब्ल्यू ही अक्षरे नसतील तर ती बाटली माझ्या इंजिनासाठी नाही. उलट ती अक्षरे असलेले साधे खनिज ऑइल मी आजही निर्धास्तपणे घालीन. टू-स्ट्रोकवाल्यांचा मामला निराळा आहे, कारण तिथे ऑइल पेट्रोलबरोबर जळून जाते आणि त्यासाठी टीसी-डब्ल्यू३ हे प्रमाणन पाहावे लागते. या दोन बाटल्यांची अदलाबदल कधीही करू नये.

आणखी एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो, की आधीचे खनिज ऑइल आतून धुऊन काढावे लागते का. तशी गरज नसते. दोन्ही ऑइले एकमेकांत मिसळतात, त्यामुळे तळाशी उरलेल्या थोड्या जुन्या ऑइलाने काही बिघडत नाही. मी इंजिन थोडे गरम केले, ते सरळ उभे ठेवले, ड्रेन प्लग काढून काळे ऑइल पूर्ण निथळू दिले आणि प्लगला नवा वॉशर लावला. नव्या फिल्टरच्या रबरावर बोटाने ऑइल फिरवून तो हातानेच आवळला. जुन्या फिल्टरचे रबर इंजिनाला चिकटून राहिले होते आणि ते सुदैवाने वेळीच दिसले. त्यावर दुसरे रबर बसले असते तर सगळे ऑइल काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, आत सांडले असते.

सिंथेटिक घातल्यावर ऑइल बदलण्याची मुदत वाढते, ही समजूत मात्र मला धोक्याची वाटते. हे ऑइल उष्णतेने लवकर खराब होत नाही हे खरे, पण आउटबोर्डचे ऑइल बहुधा उष्णतेने बिघडतच नाही. बाहेरचे गार पाणी थेट आत फिरत असल्यामुळे बऱ्याच आउटबोर्डचा थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) ६० अंशांच्या आसपासच उघडतो, आणि मोटारीचे इंजिन याहून बरेच गरम चालते. गळ टाकून तासन्‌तास संथ चालवले की न जळलेले पेट्रोल पिस्टन रिंगांच्या कडेने खाली उतरते आणि तेवढी उष्णता नसल्यामुळे ते उडून न जाता ऑइलातच राहते. एकदा अशा संथ फेरफटक्यांच्या आठवड्यानंतर मी डिपस्टिक काढली, तेव्हा पातळी वरच्या खुणेपेक्षा जवळजवळ नखभर वर गेली होती आणि काडीला पेट्रोलचा स्पष्ट वास येत होता. न ओतता वाढलेले ऑइल पाहून आनंद मानण्यासारखे काही नसते. त्या पातळ झालेल्या मिश्रणाला मूळ बाटलीचा दर्जा वाचवू शकत नाही, म्हणून मी ते लगेच काढून टाकले. एरवी १०० तास किंवा एक वर्ष, यांतले जे आधी येईल ते, ही पुस्तिकेतली मुदत मी सिंथेटिकवरही तशीच पाळतो.

नव्या कोऱ्या इंजिनात मी सिंथेटिक घालण्याची घाई करणार नाही. सुरुवातीच्या तासांत रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी घासून नीट बसायच्या असतात, त्यामुळे त्या काळात उत्पादकाच्या पुस्तिकेत जे ऑइल लिहिले असेल तेच वापरावे.

खालच्या गिअरचे ऑइल या सगळ्यापासून स्वतंत्र असते, पण हात काळे झालेलेच होते म्हणून मी तेही त्याच दिवशी काढले. ते दुधाळ निघाले असते तर सीलमधून पाणी शिरले असे समजून गिअरचा भाग उघडावा लागला असता. ते स्वच्छ निघाले, आणि खालच्या भोकातून नवे ऑइल वरच्या भोकापर्यंत चढवून मी दोन्ही स्क्रू नव्या वॉशरांसह बंद केले.