कॅन्सरवर क्षयाची लस: मूत्राशयातल्या बीसीजीचा माझा अनुभव

लघवी लाल झाली, पण दुखलं-खुपलं काहीच नाही. मूत्राशयाचा कॅन्सर बहुतेकदा असाच, न दुखता लक्षात येतो. सोनोग्राफी, सिस्टोस्कोपी म्हणजे लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून आत पाहणं, मग दुर्बिणीतूनच गाठ खरवडून काढणं, सगळं भराभर उरकलं. बायोप्सीत आलं 'हाय ग्रेड, टी-वन'. म्हणजे जात आक्रमक, पण स्नायूच्या थरात अजून शिरलेला नाही. खात्रीसाठी काही आठवड्यांनी पुन्हा एकदा खरवडलं आणि मग युरॉलॉजिस्ट म्हणाले, "आता बीसीजी देऊ."

"ती दंडावर टोचतात ती?"

"तीच. फक्त लघवीच्या पिशवीत. आणि एक थेंब नाही, अख्खी कुपी."

घरी येऊन सांगितलं तर हिचा पहिला प्रश्न, "अहो, म्हणजे तुम्हाला टीबी होणार?" प्रश्न रास्त होता. बीसीजीत गाईच्या क्षयाचे जिवंत जंतू असतात, फक्त मवाळ केलेले. काल्मेट आणि गेरँ या दोघा फ्रेंच संशोधकांनी लिल शहरात 1908 पासून 13 वर्षं ते जंतू पित्तात शिजवलेल्या बटाट्यावर पुन्हापुन्हा, 230 वेळा वाढवले, तेव्हा कुठे त्यांचा विषारीपणा गेला. तरीही ते जिवंतच. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवलेली असते, त्यांना हा उपचार देत नाहीत तो त्यामुळेच. मला आधी विचारलं गेलं: स्टेरॉइड चालू आहे का, पूर्वी क्षय झाला होता का, कुठला अवयव बदललाय का.

पण कॅन्सरशी क्षयाच्या लसीचा संबंध काय? डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं, "चोर घरातलाच असला तर कुत्रं भुंकत नाही, म्हणून आपण मुद्दाम बाहेरचा माणूस आत सोडतो." कॅन्सरच्या पेशी आपल्याच असतात, त्यामुळे त्या सहज ओळखू येत नाहीत. शिवाय त्यांतल्या काही पीडी-एल1 नावाचं प्रथिन अंगावर बाळगतात आणि चालून आलेल्या टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींना, त्यातून 'थांब' असा इशारा देतात. बीसीजीचे जंतू मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतात, पेशींच्या आत शिरतात. जंतू म्हटल्यावर शरीर गप्प बसत नाही. आधी न्यूट्रोफिल धावतात, मग मॅक्रोफेज, टी-पेशी, एनके पेशी येतात, या सगळ्या प्रतिकारशक्तीच्याच पेशी; इंटरफेरॉन आणि इंटरल्यूकिन ही त्यांना निरोप देणारी प्रथिनं सुटतात. या धुमश्चक्रीत खरवडताना राहून गेलेल्या कॅन्सरच्या पेशीही मारल्या जातात. औषध थेट कॅन्सरला मारत नाही, मारतं आपलंच शरीर.

वाचायची खोड असल्यामुळे थोडं मागेही गेलो. 1929 साली अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांना शवविच्छेदनांच्या नोंदींत दिसलं होतं की क्षय असलेल्यांत कॅन्सर कमी आढळतो. कॅनडात युरॉलॉजिस्ट अल्वारो मोरालेस यांनी मूत्राशयात बीसीजी सोडून पाहिलं आणि 1976 मध्ये फक्त नऊ रुग्णांचा अनुभव छापला. आजही या टप्प्यावरच्या जोखमीच्या कॅन्सरला पहिली पसंती तीच आहे.

याच काळात घरी गुळवेलीचा काढा, हळदीच्या गोळ्या आणि 'इम्युनिटी बूस्टर'चे डबे येऊ लागले. माणसं प्रेमाने आणतात, मी घेऊन ठेवत होतो. पण माझी प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून हे झालं, असं कोणी म्हटलं की वाद घालत असे. ती होती तशीच होती, तिला कॅन्सर दिसत नव्हता. हा फरक त्या डब्यांच्या जाहिरातीत कधीच नसतो.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. सुरुवातीला आठवड्याला एक असे सहा डोस. त्याआधी लघवीची तपासणी. इन्फेक्शन किंवा रक्त दिसलं तर डोस पुढे ढकलायचा, तक्रार चालत नाही. कॅथेटर, म्हणजे लघवीच्या वाटेने घालायची नळी, घालताना खरचटून रक्त आलं तरी पुढे, कारण जखमेतून जिवंत जंतू रक्तात जाऊ शकतात. सकाळपासून पाणी-चहा बेताचा, नाहीतर औषध पातळ होतं आणि धरवतही नाही.

कुपी मीच केमिस्टकडून बर्फाच्या पिशवीत घालून न्यायचो. माझ्या कुपीवर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं नाव होतं. आत तळाशी चिमूटभर पांढरी पावडर. सिस्टर मास्क-ग्लोव्ह्ज घालून ती सलाइनमध्ये विरघळवायच्या, बारीक कॅथेटर घालायच्या, आधी पिशवी रिकामी करायच्या आणि मग ते 50 मिली गढूळ पाणी सावकाश सोडायच्या. सोडताना आत थोडं गार लागतं, बाकी काही नाही. "काका, आता दोन तास धरायचं," असं म्हणून त्या निघून जायच्या. मी या कुशीवरून त्या कुशीवर, उताणा, पालथा, म्हणजे औषध सगळीकडे पोचेल. पहिला तास बरा जातो. शेवटची वीस मिनिटं मी भिंतीवरच्या घड्याळाशी भांडत असे.

घरी सहा तास पुरुषांनीही बसूनच लघवी करायची, प्रत्येक वेळी कमोडमध्ये ब्लीच ओतायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, झाकण लावून फ्लश. नातवंडं असल्यामुळे हे आम्ही फार काटेकोर पाळलं. दोन तासांनंतर मात्र भरपूर पाणी.

पहिल्या दोन डोसना वाटलं, एवढंच? तिसऱ्यापासून जळजळ, दर अर्ध्या तासाला बाथरूम, रात्री कणकण, अंग मोडून आल्यासारखं. शरीराने जंतू ओळखून ठेवलेले असतात, म्हणून दर डोसला ते जोरात उठतं. हे माहीत असल्यामुळे त्रास कमी झाला नाही, पण भीती कमी झाली. अशाच एका कणकणीत गल्लीतले डॉक्टर ऑफ्लोक्सासिन लिहून देत होते. मी युरॉलॉजिस्टना फोन केला. त्या वर्गातली अँटिबायोटिक्स क्षयाच्या जंतूंनाही मारतात, मग डोस वाया जाण्याची भीती. पॅरासिटामॉलवर भागलं. मात्र ताप 38.5 अंश सेल्सिअसच्या वर जाऊन दोन दिवस उतरला नाही तर घरी बसायचं नाही, हे मला लिहूनच दिलं होतं.

तीन महिन्यांनी सिस्टोस्कोपी झाली. पडद्यावर लालभडक डाग दिसले आणि माझ्या पोटात गोळा आला. तुकडा काढला. रिपोर्टमध्ये 'ग्रॅन्युलोमॅटस इन्फ्लमेशन'. ओळखीच्या लॅबवाल्याने फोनवर ऐकून सांगितलं, "हे तर टीबीत असतं." युरॉलॉजिस्टनी रिपोर्ट उलटा करून टेबलावर ठेवला. "बीसीजीनंतर हेच यायला हवं. रोगप्रतिकारक पेशी गोळा होऊन बसल्यात, त्यांच्याच या गाठी. कॅन्सरची पेशी यात एकही नाही." हे चाललं नसतं तर मूत्राशय काढण्याचा विषय निघाला असता, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

आता देखभालीचे डोस चालू आहेत. 3, 6 आणि 12 महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी 36 पर्यंत, प्रत्येक फेरीत आठवड्याला एक असे तीन. ही कुपी आमचा केमिस्ट दुकानात ठेवत नाही, मागवून देतो. पुढच्या फेरीची मी कालच सांगून आलो.