कानातलं व्होल्टेज

मी चरबीवर संशोधन करते म्हटलं की समोरचा माणूस आधी स्वतःच्या पोटाकडे बघतो आणि मग मला उपाय विचारतो. माझी चरबी कानातली, म्हणजे अंतःकर्णातली, आणि तीही उंदराच्या, एवढा खुलासा दर वेळी करावा लागतो. मिरजेत त्यावर ‘बरं बरं’ म्हणून चहा पुढे सरकवतात. या सुट्टीत मात्र मिरजेतच एकांनी माझी नीट उलटतपासणी घेतली, म्हणून लिहायला बसले.

अंतःकर्ण म्हटलं की सगळ्यांचं लक्ष केसपेशींकडे. साहजिक आहे. आवाजाच्या कंपनांचा विजेचा संदेश त्याच बनवतात, माणसाच्या एका कानात त्या सुमारे १५ हजार असतात आणि मेल्या की परत येत नाहीत. कोंबडीला येतात. हे १९८०च्या दशकात कळलं तेव्हापासून आमच्या क्षेत्रातली बरीच मंडळी कोंबडीवर जळून आहेत. पण केसपेशींना नुसतं जिवंत राहून भागत नाही. त्यांची टोकं ज्या द्रवात बुडालेली असतात त्यात पोटॅशियम ठासून भरलेलं लागतं आणि ८० ते १०० मिलिव्होल्टचं धन व्होल्टेज लागतं. तेवढा जोर मागे असतो म्हणूनच पेशीची वाट उघडताच पोटॅशियम आत घुसतं. हे व्होल्टेज तयार होतं कॉक्लियाच्या, म्हणजे अंतःकर्णातल्या शंखाच्या, बाहेरच्या भिंतीवरच्या एका पट्टीत. तिचं नाव स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस. माझा मुक्काम तिथे.

सांगली जिल्ह्यातल्या माणसाला हे समजवायला उसावरची मोटर पुरते. मोटर धडधाकट आहे, विहिरीला पाणी आहे, पाइप कुठे फुटलेला नाही, पण व्होल्टेज पडलंय. पाणी सरीच्या टोकाला पोचत नाही. आणि तशा व्होल्टेजवर मोटर रेटत राहिलात तर शेवटी वाइंडिंग जळतं. कानातही असंच होऊ शकतं. आधी स्ट्रिया ढेपाळते. केसपेशी तेव्हा जाग्यावर असतात, त्या नंतर जातात. माझ्या सगळ्या कामाचा जीव या मधल्या काळात अडकलेला आहे.

उंदराचं कॉक्लिया दोन-तीन मिलिमीटरचं. मायक्रोस्कोपखाली, गार सलाइनमध्ये, बारीक चिमट्याने हाडाचे टवके काढत जायचं. काळा उंदीर असेल तर स्ट्रिया लगेच दिसते, कारण तिच्यात मेलॅनिन असतं. भिंतीच्या आतल्या अंगाला तपकिरी काठ लावल्यासारखी. पांढऱ्या उंदरात नुसता अंदाज. एक टोक धरून सावकाश सोलली तर अखंड निघते, श्वास जोरात सोडला तरी तुकडे. त्यात हा काळा उंदीर, सी५७ जातीचा, जगभरच्या प्रयोगशाळांचा लाडका, स्वतःच वय वाढेल तसा बहिरा होत जातो. जातीतच दोष आहे. त्यामुळे आपण केलेल्या बदलाने ऐकू येईनासं झालं की वयाने, हे ठरवायला बरोबरीच्या वयाचे धडधाकट भाऊबंद शेजारी ठेवावे लागतात.

निघालेली पट्टी काचेच्या बाटलीत, क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलमध्ये टाकायची. प्लास्टिक चालत नाही. मला हवा असलेला रेणू प्लास्टिकला चिकटून बसतो, आणि क्लोरोफॉर्म प्लास्टिकातलंच काहीबाही विरघळवून आणतं. लेबल शिसपेन्सिलीने लिहायचं, कारण मिथेनॉलचा थेंब पडला की मार्करची शाई गेलीच. प्रथिनांवर काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणी हिरवे-लाल देखणे फोटो दाखवतात. माझ्या नशिबी मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे रेणूंचं वजन करणाऱ्या यंत्राने, आलेखावर काढलेला एक सुळका.

तो सुळका स्फिंगोसीन-१-फॉस्फेटचा, थोडक्यात एस१पीचा. पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांपासून तो बनतो आणि निरोप्याचं काम करतो. स्पन्स-२ नावाचं प्रथिन त्याला पेशीबाहेर सोडतं आणि बाहेर पाच प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारी प्रथिनं, त्याची वाट बघत असतात. कानाचं अडतं ते दुसऱ्या क्रमांकाच्या रिसेप्टरवाचून. २००७मध्ये दिसलं होतं की हा रिसेप्टर नसलेले उंदीर बहिरे होतात आणि त्यांच्या स्ट्रियातल्या केशवाहिन्या फुगलेल्या असतात. २०१६मध्ये ‘स्टोनडेफ’ नावाचे उंदीर पुढे आले, त्याच रिसेप्टरच्या जनुकात एक अक्षर चुकलेले. दोन आठवड्यांचे असताना त्यांना अगदी नीट ऐकू येतं, कानातलं व्होल्टेजही ठीक असतं. चार आठवड्यांना व्होल्टेज घसरतं आणि बहुतेकांचं ऐकणं बिघडतं, चौदा आठवड्यांपर्यंत सगळे ठार बहिरे किंवा जवळपास. त्याच वर्षी पाकिस्तानातल्या दोन कुटुंबांत याच जनुकातल्या दोषामुळे आलेला बहिरेपणा सापडला, म्हणजे गोष्ट उंदरापुरती राहिली नाही. आता वाहिन्या फुगतात म्हणून व्होल्टेज पडतं, की व्होल्टेज दुसऱ्याच कारणाने पडतं आणि वाहिन्या नुसत्या साक्षीदार? माझा पगार याच प्रश्नावर चालू आहे.

एस१पीच्या रिसेप्टरांवर चालणारं औषध बाजारात नाही असंही नाही. फिंगोलिमॉड नावाची गोळी २०१०पासून मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी दिली जाते. पण ती पाचांपैकी चार रिसेप्टरांना धरते आणि नेमका आमचा दोन नंबरचा सोडते. आमचं नशीब हे असं.

खरी उमेद आली २०२३मध्ये, लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून. तिथल्या उंदरांत स्पन्स-२चं जनुक बंद करून ठेवलं होतं, आणि हवं तेव्हा चालू करता येईल अशी तजवीजही केलेली होती. उंदीर बहिरे झाल्यावर जनुक चालू केलं, तर गेलेलं ऐकणं परत आलं. खालच्या आणि मधल्या पट्टीत जवळजवळ पूर्ववत. जितका उशीर, तितका फायदा कमी. लवकर चालू केलं तर केसपेशीही वाचल्या. मी तो पेपर वाचून प्रयोगशाळेत मोठ्याने ओरडले होते, हे इथे नोंदवून ठेवते.

तर याच कामाची कुणीतरी वाट लावून केलेली बातमी, ‘बहिरेपणावर औषध सापडलं’, फिरत फिरत सतारमेकर गल्लीतल्या चाचांच्या फोनवर पोचली. आमच्या घरच्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तार झंकारावी म्हणून घोडी घासून केलेली जुळणी, पहिल्यापासून त्यांच्याच हातची. मी दुकानात पाय ठेवला तसा त्यांनी फोन पुढे केला.

“पोरी, हे तुझंच काम न्हवं? मग माझ्यासाठी कधी?”

“चाचा, ते उंदरांत झालंय. तेही एकच जनुक मुद्दाम बंद केलेल्या उंदरांत. तुमच्या कानात कुणी काय बंद केलंय, ते आधी कळायला नको का?”

“मग शोध की. शिकलीस कशाला एवढं?”

त्यांनी ड्रॉवरमधून ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या सुराला किती ऐकू येतं त्याचा आलेख, काढला. मी बघतच राहिले. म्हातारपणी रेघ सहसा वरच्या सुरांकडे कोसळते. यांची खालपासून वरपर्यंत जवळजवळ आडवी. हॅरोल्ड शुक्नेख्ट या अमेरिकन कानतज्ज्ञाने १९६४मध्ये वार्धक्यातल्या बहिरेपणाचे प्रकार पाडले, त्यात आडवी रेघ म्हणजे स्ट्रियाचा दोष असं धरलं होतं: आवाज सगळाच लहान, पण शब्द कळतात. घोडीवर कानस फिरवून, दोरा केसभर सरकवून चाचा अजून जवारी बिनचूक काढतात, तेव्हा हे जुळतंय असं वाटून मी मनातल्या मनात पेपर लिहायला घेतला. पण नुसत्या ऑडिओग्रामवरून स्ट्रिया दिसत नाही. शिवाय २०२०मध्ये बोस्टनच्या लोकांनी मृत्यूनंतर मिळालेली १२० अंतःकर्णं तपासली आणि म्हातारपणचा बहिरेपणा बहुतांशी केसपेशी गेल्यामुळेच येतो, स्ट्रियाचा वाटा त्यामानाने थोडा, असा निष्कर्ष काढला. माझ्या पोटावर पाय देणारा निष्कर्ष, पण पेशी मोजून काढलेला. चाचांना मी तेही सांगितलं. त्यांना एवढंच कळलं की औषध नाही.

कानाचं मशीन त्यांच्याकडे होतं, घालत मात्र नव्हते. “माणसं ऐकू येत्यात, तंबोरा मरतोय त्यात.” हे मला तिथेच पटलं. डिजिटल मशीन सलग, न बदलणारा आवाज हा पंख्याचा किंवा मिक्सरचा समजून दाबतं, आणि तंबोऱ्याइतका सलग आवाज दुसरा कुठला? त्यातून लांबलेला सूर म्हणजे आपलीच शिट्टी, मशीनचा आवाज परत मशीनमध्ये शिरला की वाजते ती, असा मशीनचा समज होतो. ती मारायला जातं आणि सूर थरथरतो. दुसऱ्या दिवशी आम्ही ऑडिऑलॉजिस्टकडे गेलो, चाचांनी तंबोरा बरोबर घेतला. गोंगाट दाबणं आणि शिट्टी मारणं, दोन्ही बंद असलेला दुसरा प्रोग्रॅम बाईंनी करून दिला. चाचांनी खर्जाची तार छेडली, मान तिरकी केली, घोडीवरचा दोरा उगीच थोडा हलवून परत छेडली आणि म्हणाले, “हां, आता बोलतोय.”

पहिला प्रोग्रॅम माणसांसाठी, दुसरा तंबोऱ्यासाठी, असं ठरलंय. चाचा दिवसभर दुसऱ्यावरच असतात, त्यामुळे चाचींची तक्रार होती तशीच आहे.