जेवणानंतरचा डाव

आज परत मेंढीकोट रंगला. जेवणं झाली, ओटा आवरला, बाबांनी बडीशेप तोंडात टाकली आणि हॉलमधे सतरंजी पसरली, की आमच्याकडे कोणाला बोलवावं लागत नाही. भाचा सुट्टीला आलाय, तो तर ताटावरून उठतानाच पत्ते पिसायला लागतो.

आज भिडू होते बाबा आणि भाचा, विरुद्ध आई आणि मी. 13-13 पानं वाटली, हुकूम इस्पिक निघाला. मेंढीकोटात सगळा जीव दश्श्यांत, तीन आल्या तर डाव आपला, चारही आल्या तर समोरच्यावर कोट, आणि दोन-दोन झाल्या की मग हात मोजायचे. बाबांनी चौकटची दश्शी टाकली आणि आईने ती हुकमाने कापली, तर भाचा ओरडला "आजोबा, तिच्याकडे चौकट संपलीय, मगाशीच कळलं नाही का तुम्हाला!" आणि बाबा चक्क "हो रे, चुकलं" म्हणाले. एरवी त्यांच्याशी या आवाजात कोणी बोलू शकत नाही, मी तर आजही नाही. पण भिडूला तो हक्क असतो, तो आठवीतला असला तरी. मला पत्ते आवडतात ते यासाठीच, टीव्ही लावला की आम्ही सगळे एकाच दिशेला तोंड करून बसतो, इथे समोरासमोर बसावं लागतं आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखावंच लागतं.

आईचं माहेर सावंतवाडीचं. मधे पाणी प्यायला थांबलो तेव्हा ती गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळाबद्दल सांगत होती, गोल, हाताने रंगवलेली पानं, दशावतारी संचात विष्णूच्या अवतारांचे 10 रंग, प्रत्येकाची 12 पानं म्हणजे एकूण 120, राजा आणि प्रधान धरून. आणि दिवसा खेळायला बसलं तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री बसलं तर कृष्णाचा. हे ऐकून मला इतकं छान वाटलं, म्हणजे रात्रीच्या खेळाचा नियमच वेगळा ठेवलाय लोकांनी!

भाच्याला आता तो संच हवाच आहे. दिवाळीत सावंतवाडीला जायचंच आहे, तेव्हा राजवाड्यात नेऊन दाखवू असं आईने कबूल केलंय. तोवर उद्या भिडू बदलायचे, मी आणि बाबा एका बाजूला.